मद्रास १९५२ : मतपेटीतील कौल आणि राजभवनातील निवड



ज्या शहराला आज आपण चेन्नई म्हणतो त्याचे अधिकृत नाव १९९६ पर्यंत मद्रास होते, आणि राज्यही १९६९ पर्यंत मद्रास याच नावाने ओळखले जाई. आजच्या विषयातील घटना त्या जुन्या मद्रास राज्यातल्या असल्याने तेच नाव वापरणे सोयीचे होईल. १९५२ चे हे राज्य फार मोठे होते. तामिळ जिल्हे, आंध्रचा किनारा व रायलसीमा, मलबार आणि दक्षिण कानडा असे चार भाषांचे प्रदेश एका सचिवालयाखाली बांधलेले होते. या राज्यात प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक झाली, तीत काँग्रेसचे बहुमत गेले, कम्युनिस्ट पक्ष विधानसभेतला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला, आणि तरीही सरकार काँग्रेसचेच आले. हे कसे घडले, कोणी घडविले, आणि त्यात आपल्या बाजूचे दोष किती, हे पाहावयाचे आहे. इतिहासाचे पुस्तक मिटून ठेवण्याजोगा हा विषय नाही, कारण राज्यपालांनी कोणाला आधी बोलवावे हा वाद या देशात त्यानंतर अनेकदा उभा राहिला आहे. १९५२ चे मद्रास हे त्याचे पहिले मोठे प्रकरण.

मताधिकाराचा लांबचा रस्ता

डिसेंबर १८८७ मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासच्या मॅकीज गार्डनमध्ये भरले. अध्यक्ष मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते. स्वागत समितीच्या अध्यक्षपदी सर टी. माधवराव होते. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातील हे गृहस्थ त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले. तेव्हा काँग्रेसची मागणी कायदेमंडळात काही निवडलेले सभासद असावेत एवढीच होती. १८९२ चा कायदा आला तेव्हा 'निवडणूक' हा शब्दसुद्धा त्यात घालण्याचे सरकारने टाळले. नगरपालिका, जिल्हा बोर्डे, विद्यापीठ, व्यापारी मंडळे यांनी नावे सुचवावीत आणि गव्हर्नरने ती नेमावीत अशी ती व्यवस्था होती. जनतेने नाव सुचवायचे आणि गव्हर्नरने नेमायचे, हा क्रम ध्यानात ठेवावा. साठ वर्षांनंतर तो निराळ्या रूपात पुन्हा भेटणार आहे.

१९२० साली मद्रास इलाख्यात मतदार सुमारे साडेबारा लाख होते, तेही मालमत्ता व करभरणा यांच्या अटीवर. १९२१ मध्ये मद्रास कायदेमंडळाने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव केला, आणि या बाबतीत हा इलाखा देशात पहिला ठरला. परंतु मालमत्तेची अट कायम असल्याने तो अधिकार फारच थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आला. १९३७ मध्ये काँग्रेसने २१५ पैकी १५९ जागा जिंकल्या व चक्रवर्ती राजगोपालाचारी पंतप्रधान झाले (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा हीच संज्ञा होती). त्याही वेळी शेतमजूर, गिरणी कामगार, गावकुसाबाहेरची माणसे बहुसंख्येने मतदार यादीबाहेरच होती. काँग्रेसच्या त्या मोठ्या विजयात तंजावरच्या शेतात राबणाऱ्या पन्नैयालचे मत नव्हते, कारण त्याला मतच नव्हते. १९५२ मध्ये ते प्रथमच मिळाले.

तुरुंगातून मतदान केंद्राकडे

या निवडणुकीआधीची चार वर्षे मद्रास राज्यातल्या कम्युनिस्टांनी कशी काढली हे सांगितल्याविना निकालाचा अर्थ लागत नाही. राज्यात पक्ष बेकायदा होता. कार्यकर्ते शेकड्यांनी स्थानबद्ध होते. ११ फेब्रुवारी १९५० रोजी सेलमच्या तुरुंगात कैद्यांवर गोळीबार होऊन २२ कॉम्रेड ठार झाले. प्रजासत्ताकाची घोषणा होऊन तेव्हा तीन आठवडेही उलटले नव्हते.

आपल्या राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांची पहिली परीक्षा मद्रास सरकारच्या या दडपशाहीतूनच झाली, हे वकील मंडळी जाणतात, परंतु कार्यकर्त्यांनीही जाणावे असे आहे. स्थानबद्धतेविरुद्ध ए. के. गोपालन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९ मे १९५० रोजी हरले. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास राज्यात प्रवेशबंदी केली होती. संपादक रोमेश थापर यांनी त्याविरुद्ध दाद मागितली व त्याच महिन्यात ते जिंकले. त्या निकालावर उतारा म्हणून पुढल्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती करण्यात आली. मद्रासचे बॅरिस्टर व्ही. जी. राव ज्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे चिटणीस होते ती संस्था सरकारने बेकायदा ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च १९५२ रोजी त्या कायद्याचे संबंधित कलम रद्द केले. तारीख पाहावी. त्यानंतर दहाच दिवसांनी नवे मंत्रिमंडळ शपथ घेणार होते.

ऑक्टोबर १९५१ मध्ये तेलंगणाचा सशस्त्र लढा मागे घेण्यात आला व पक्ष निवडणुकीत उतरला. साधने तुटपुंजी होती. उमेदवारांपैकी कोणी तुरुंगात, कोणी नुकतेच सुटलेले. मतदानाची पद्धत आजच्याहून वेगळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची. काँग्रेसची बैलजोडी, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, कम्युनिस्टांचे कणीस व विळा. अक्षर न येणाऱ्या मजुरालाही विळा ओळखता येई. विधानसभेच्या ३७५ जागांपैकी १३२ जागा द्विसदस्य मतदारसंघांतून भरावयाच्या होत्या. तेथे प्रत्येकाला दोन मते, आणि एक जागा अनुसूचित जाती किंवा जमातींसाठी राखीव.

निकाल

निकाल असा लागला : काँग्रेस १५२, कम्युनिस्ट पक्ष ६२, किसान मजदूर प्रजा पक्ष ३५, तामिळनाड टॉयलर्स पक्ष १९, कृषिकार लोक पक्ष १५, समाजवादी १३, कॉमनवील पक्ष ६, मुस्लिम लीग ५, फॉरवर्ड ब्लॉक (मार्क्सवादी) ३, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन २, जस्टिस पक्ष १ आणि अपक्ष ६२. काँग्रेसला मिळालेली मते एकूण मतांच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक. आंध्र भागात तिला अवघ्या ४३ जागा आणि मलबारमध्ये केवळ ४. तामिळ जिल्ह्यांनीच तिला तारले.

माणसांकडे पाहिले तर निकाल अधिक बोलका होता. मुख्यमंत्री कुमारस्वामी राजा पडले. मंत्री भक्तवत्सलम् पडले. अनंतपूरमध्ये काँग्रेसचे नीलम संजीव रेड्डी यांना कम्युनिस्ट तरिमेला नागी रेड्डी यांनी हरविले, तेही तुरुंगात असताना. दोघे नात्याने मेहुणे होते. (हेच संजीव रेड्डी १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक हरले व १९७७ मध्ये राष्ट्रपती झाले.) मदुरेत पी. राममूर्ती तुरुंगातूनच निवडून आले. आणि ज्या गोपालन यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला होता, त्यांना कण्णूरच्या मतदारांनी लोकसभेवर पाठविले.

या यशात निरनिराळे प्रवाह मिसळलेले होते. अन्नटंचाई व रेशन यांमुळे शहरांत असंतोष होता. तंजावर, कृष्णा, गुंटूर या तांदळाच्या पट्ट्यात जमिनीचा प्रश्न धुमसत होता. आंध्रमध्ये भाषिक राज्याची मागणी काँग्रेस टाळत राहिल्याचा राग होता. तामिळ भागात पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी कम्युनिस्टांना पाठिंबा दिला. १९४९ मध्ये स्थापन झालेला द्रविड मुन्नेत्र कळघम स्वतः निवडणुकीत उतरला नव्हता. शिवाय काँग्रेसविरोधी मते अनेक पेट्यांत विभागली असली तरी काँग्रेसचीच माणसे प्रकाशम आणि रंगा यांच्यामागे फुटून गेल्याने तिचीही मते फुटली होती. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे परत यावे लागेल.

राजभवनातील निवड

कोणाही एका पक्षाला बहुमत नाही असे दिसताच विरोधी पक्ष एकत्र आले. कम्युनिस्ट, किसान मजदूर प्रजा पक्ष, फॉरवर्ड ब्लॉक (मार्क्सवादी), काही अपक्ष व इतर यांची संयुक्त लोकशाही आघाडी उभी राहिली. नेतेपदी टंगुटुरी प्रकाशम यांची निवड झाली. हे 'आंध्र केसरी' १९४६–४७ मध्ये मद्रासचे पंतप्रधान होते. वय ऐंशीच्या घरात. सायमन कमिशनविरोधी निदर्शनांच्या वेळी मद्रासमध्ये बंदुकांसमोर छाती उघडी केल्याबद्दल त्यांचे नाव घरोघर झालेले. आघाडीने आपल्यामागे १६६ सभासद असल्याचा दावा राज्यपालांकडे केला.

राज्यपाल नुकतेच आलेले होते. भावनगरचे महाराज कृष्णकुमारसिंहजी यांच्या जागी मार्च १९५२ मध्ये श्रीप्रकाश यांची नेमणूक झाली होती. बनारसचे हे जुने काँग्रेसजन मराठी वाचकांना परके नाहीत. १९५६ ते १९६२ ते मुंबईचे व नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल होते, म्हणजे १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल तेच. त्यांनी आघाडीला बोलाविले नाही. सर्वांत मोठा पक्ष काँग्रेस, म्हणून तिलाच आधी संधी, अशी भूमिका त्यांनी घेतली.

पण काँग्रेसचा नेता कोण? निवडून आलेल्यांत असा कोणी दिसेना की जो जुळवाजुळव करू शकेल. तेव्हा राजगोपालाचारी यांना गळ घालण्यात आली. भारताचे गव्हर्नर जनरल, सरदार पटेलांच्या निधनानंतर केंद्राचे गृहमंत्री, आणि १९५१ च्या अखेरीस दिल्ली सोडून मद्रासला विश्रांतीसाठी आलेले. त्यांनी निवडणूक लढविली नव्हती, आणि पोटनिवडणूक लढविण्यासही ते तयार नव्हते. यावर तोड अशी निघाली की राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नियुक्त केले. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतील जाणकारांसाठी घटनेने जो दरवाजा ठेवला आहे, त्यातून एक मुख्यमंत्री आत आला. राजाजी उत्तम लेखक होते यात वादच नाही. परंतु लेखकाला परिषदेत बसविणे वेगळे, आणि मतदारांनी ज्या पक्षाला नाकारले त्याला सत्तेवर ठेवण्यासाठी तो दरवाजा वापरणे वेगळे. १० एप्रिल १९५२ रोजी राजाजींनी शपथ घेतली. या नियुक्तीला राममूर्तींनी मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले, ते फेटाळले गेले.

याच महिन्यात मुंबईत काय झाले हेही मराठी वाचकाने शेजारी ठेवून पाहावे. मोरारजी देसाई विधानसभेच्या निवडणुकीत पडले होते, तरी काँग्रेसने त्यांनाच मुख्यमंत्री केले. फरक एवढाच की मुंबईत काँग्रेसचे बहुमत होते आणि मोरारजींनी नंतर पोटनिवडणूक लढवून प्रवेश मिळविला. मद्रासमध्ये बहुमतही नव्हते आणि मतदारांपुढे जाण्याची तयारीही नव्हती.

पुढचे काम जुळवाजुळवीचे होते. कॉमनवील पक्षाचे माणिकवेलु नायकर मंत्री झाले. मुस्लिम लीग, कृषिकार लोक पक्ष व अपक्ष यांच्याकडून पाठिंबा गोळा करण्यात आला. ३ जुलै १९५२ रोजी विश्वासदर्शक ठराव २०० विरुद्ध १५१ मतांनी संमत झाला. निवडणुकीत १५२ असलेली संख्या तीन महिन्यांत २०० झाली. कम्युनिस्ट हे आपले पहिल्या क्रमांकाचे शत्रू आहेत असे राजाजींनी सभागृहात उघडपणे सांगितले होते. त्यांच्या या स्पष्टवक्तेपणाचे मोल कमी लेखू नये. पुष्कळांच्या मनात जे होते ते त्यांनी झाकून ठेवले नाही.

दक्षिणेतले दुसरे एक राज्य

निवडणुकीचा कौल एका ठिकाणी आणि सत्तेचा निर्णय दुसऱ्या ठिकाणी, हा प्रकार आपल्याच देशात जन्मला असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीकडे, विशेषतः दक्षिण कॅरोलिना या राज्यातील निवडणुकीकडे पाहावे.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, निग्रो दास्य संपविल्याबद्दल. त्या वेळी दक्षिण कॅरोलिनात कालचे गुलाम कायदेमंडळात बसत होते, कारण राज्यातील बहुसंख्य प्रजा कृष्णवर्णीय होती व १८६८ च्या राज्यघटनेने तिला मत दिले होते. अर्पणपत्रिकेची शाई वाळून तीन वर्षे होतात न होतात तोच त्या मताचे काय झाले? जुन्या मळेवाल्यांच्या बाजूने लाल सदरेवाल्यांच्या सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या. जुलै १८७६ मध्ये हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीय शिपायांची कत्तल झाली. नोव्हेंबरात मतदान झाले तेव्हा दहशत आणि खोटी मते यांचा एवढा सुळसुळाट होता की मोजलेली मते पात्र मतदारांहून अधिक भरली. राज्यात दोन गव्हर्नर व दोन कायदेमंडळे यांनी एकाच वेळी हक्क सांगितला.

देशपातळीवर डेमॉक्रॅट टिल्डन यांना १८४ निर्वाचक मते मिळाली होती, विजयाला १८५ हवी होती. रिपब्लिकन हेज यांना १६५. दक्षिण कॅरोलिना, फ्लोरिडा, लुइझियाना व ओरेगन यांची २० मते वादात. पंधरा जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ अशा मताने ती वीसही हेज यांना दिली, आणि मार्च १८७७ मध्ये ते अध्यक्ष झाले. एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या राज्यगृहावरचे संघीय सैन्य काढून घेण्यात आले आणि राज्य मळेवाल्यांच्या हाती गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला तेव्हा मात्र हेज यांना सैन्य सापडले. ते संपकऱ्यांवर धाडण्यात आले. १८९५ च्या राज्यघटनेने साक्षरता व मालमत्ता यांच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचे मत जवळजवळ पुसून टाकले. ते खऱ्या अर्थाने परत मिळाले ते १९६५ च्या कायद्यानंतर. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये या कालखंडावर जो ग्रंथ लिहिला, तो वाचलेल्याला यातला वर्गीय धागा वेगळा दाखवावा लागत नाही.

तुलना ताणू नये. मद्रासमध्ये मतमोजणी प्रामाणिक झाली, आणि मताधिकार कोणी काढून घेतला नाही. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. तळच्या माणसाला मत मिळाले आणि त्याने ते आपल्या बाजूने वापरले की, नियमांच्या कोपऱ्यात पडून असलेली, एरवी कोणाच्या ध्यानी न येणारी अधिकारपदे एकदम जागी होतात. दक्षिण कॅरोलिनाच्या वेळी तो पंधरांचा आयोग होता. मद्रासला राज्यपालांचा नियुक्तीचा अधिकार.

आपल्या बाजूचा हिशेब

राज्यपालांवर टीका करून थांबणे सोपे आहे, आणि सभांतून आपण ते पुष्कळदा केलेही आहे. पण आकड्यांशी प्रामाणिक राहिले पाहिजे. ३७५ च्या सभागृहात बहुमताला १८८ लागतात. आघाडीचा दावा १६६ चा होता. काँग्रेसपेक्षा चौदाने अधिक, बहुमतापेक्षा बावीसने कमी. आघाडीला आधी बोलाविले असते तर अपक्षांपैकी काही तिकडे वळले असते, कारण अपक्ष नेहमी सत्तेच्या दिशेने वळतात. तसे घडले असते हे संभवनीय आहे. हातात आलेले सरकार हिसकावले गेले असे म्हणणे मात्र अचूक नाही. हिसकावली गेली ती संधी.

दुसरी गोष्ट, आघाडी निकालानंतर बांधलेली होती. मतदारांपुढे ती एक कार्यक्रम घेऊन गेलेली नव्हती. राज्यपालांनी कोणत्या क्रमाने पक्षांना बोलवावे हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारिया आयोगाच्या अहवालात सांगितले आहे. त्यात निवडणूकपूर्व आघाडी पहिली, नंतर पाठिंबा घेऊन येणारा सर्वांत मोठा पक्ष, आणि निवडणुकीनंतरची आघाडी त्याच्याही खाली आहे. म्हणजे आजच्या कसोटीवरसुद्धा श्रीप्रकाश यांनी कोणाला आधी बोलाविले यापेक्षा, न निवडलेल्या माणसाला नियुक्तीच्या वाटेने आणले हीच बाब अधिक गैर ठरते.

तिसरी गोष्ट कटू आहे. आघाडीचे नेते प्रकाशम. १५ डिसेंबर १९५२ रोजी मद्रासमध्ये, ५८ दिवसांच्या उपोषणानंतर, पोट्टी श्रीरामुलु यांचा मृत्यू झाला व आंध्र राज्याची मागणी केंद्राला मान्य करावी लागली. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले. त्याचे पहिले मुख्यमंत्री प्रकाशमच, पण काँग्रेसच्या बळावर. दीड वर्षापूर्वी ज्यांना कम्युनिस्टांनी आपला नेता म्हणून राज्यपालांकडे पाठविले होते, तेच आता समोरच्या बाकावर होते. म्हाताऱ्या माणसाला दोष देऊन हा विषय संपत नाही. काँग्रेसमधून रागावून बाहेर पडलेल्या नेत्यांशी केलेली मैत्री त्यांचा राग टिकेल तितकीच टिकते.

आणि मग १९५५. आंध्रच्या त्या निवडणुकीत कम्युनिस्टांना सुमारे ३१ टक्के मते मिळाली आणि १९६ पैकी जागा मिळाल्या पंधरा. मते गेली नव्हती. काँग्रेस, प्रकाशम आणि रंगा हे तिघे एकत्र आले होते, एवढेच घडले होते. १९५२ मध्ये त्यांच्या फुटीने जे दिले ते १९५५ मध्ये त्यांच्या एकीने परत घेतले. पहिल्या निकालाच्या आनंदात हा आकडा कोणी मांडला असता तर त्याला निराशावादी म्हटले गेले असते. तो मांडला जायला हवा होता.

महाराष्ट्राच्या कार्यकर्त्याला आणखी एक नोंद टाळता येणार नाही. मद्रासमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दोन सभासद विरोधी बाकांवर कम्युनिस्टांबरोबर बसत होते. त्याच निवडणुकीत मुंबईत मात्र कम्युनिस्ट आणि फेडरेशन एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि लोकसभेच्या जागेवर डॉ. आंबेडकर पडले. कामगार वस्तीतला दलित मतदार आणि लाल बावट्याखालचा गिरणी कामगार ही बहुतेक एकाच चाळीतली माणसे होती. त्या दुराव्याची किंमत आपल्या चळवळीने दीर्घकाळ मोजली आहे.

विरोधी बाकांवरून

मे १९५२ मध्ये नवे सभागृह भरले. कम्युनिस्ट गट सरकारबाहेर राहिला, तरी तो निष्क्रिय नव्हता. राजाजींनी जूनमध्ये अन्नधान्याचे रेशन उठविले, आणि त्याचे श्रेय त्यांना मिळाले. १९५३ ची त्यांची प्राथमिक शिक्षणाची योजना, जिला विरोधक जातीच्या धंद्याचे शिक्षण म्हणत, त्यांच्या सरकारच्या मुळावर आली. एप्रिल १९५४ मध्ये त्यांच्या जागी कामराज आले. १९५७ मध्ये केरळात कम्युनिस्ट मंत्रिमंडळ सत्तेवर आले. या वेळी बहुमत होते, म्हणून राज्यपालांच्या आरंभीच्या निवडीचा प्रश्न आला नाही. ३१ जुलै १९५९ रोजी ते बरखास्त करण्यात आले तेव्हा ३५६ वे कलम उपयोगी पडले. बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात सांगितले ते ११ मार्च १९९४ रोजी. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या राजभवनात पहाटे झालेला शपथविधी मराठी माणसाच्या स्मरणात आहेच. तेव्हाही न्यायालयाने सभागृहातील परीक्षेचाच आदेश दिला होता.

पण मद्रासच्या त्या सभागृहाचे सर्वांत महत्त्वाचे काम जमिनीच्या बाबतीत झाले, आणि तेही सरकारच्या इच्छेने नव्हे. तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांचे राज्य आणि सरस्वती महाल आठवतो. त्याच कावेरीच्या खोऱ्यात जमीन मिरासदारांची होती आणि राबणारा पन्नैयाल, म्हणजे वर्षाच्या कराराने बांधलेला, बहुतांशी दलित शेतमजूर. मूळचे कन्नडभाषक असलेले कॉम्रेड बी. श्रीनिवास राव यांनी तामिळ शिकून या लोकांत संघटना बांधली. निवडणुकीत या जिल्ह्याने काँग्रेसला धक्के दिले. कुळे आणि पन्नैयाल यांचे लढे वाढत चालले. ज्यांनी कम्युनिस्टांना पहिला शत्रू म्हटले त्याच राजाजींना ऑगस्ट १९५२ मध्ये तंजावरसाठी कूळ व पन्नैयाल संरक्षणाचा वटहुकूम काढावा लागला. पुढे त्याचा कायदा झाला.

एका गावात एक वेली, म्हणजे सहा एकर सत्तावीस गुंठे, यापेक्षा अधिक जमीन असणाऱ्या मालकांना तो लागू होता. कुळाचा वाटा उत्पन्नाच्या दोन पंचमांश ठरला. पन्नैयालला कामावरून काढण्यावर बंधने आली व मजुरी ठरली. मिरासदारांनी पळवाटाही लगेच शोधल्या. जमिनी नातेवाइकांच्या नावावर तोडून घातल्या, आणि पन्नैयालला रोजंदारीचा मजूर बनविले म्हणजे कायद्याचे बंधन उरत नव्हते. तरीही बांधलेल्या मजुराला प्रथमच कागदावर काही हक्क मिळाला होता, आणि तो कोणामुळे मिळाला हे खोऱ्यातल्या प्रत्येक चेरीत ठाऊक होते. मिरासदारांनाही ठाऊक होते. रोजंदारीवर ढकललेल्या या मजुरांचा मजुरीच्या भातासाठीचा झगडा पुढची सोळा वर्षे चालू राहिला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री त्याच जिल्ह्यातल्या किळवेण्मणी गावात एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ दलित माणसे, बहुतेक बायका आणि मुले, जिवंत जाळण्यात आली. लाल बावट्याची संघटना त्यांनी सोडावी अशी जमीनदारांची मागणी होती, आणि त्यांनी ती सोडली नव्हती. खालच्या न्यायालयाने दोषी ठरविलेल्या जमीनदारांना पुढे मद्रास उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. आजही दर २५ डिसेंबरला त्या गावच्या स्तंभापाशी तंजावर–नागपट्टिणमचे शेतमजूर लाल झेंडे घेऊन जमतात.